उन्हात फिरला म्हणून व्हॅम्पायर खोटा ठरत नाही

प्रश्न असा विचारलाय की हल्लीच्या कादंबऱ्या, सिनेमे आणि सिरीजमधले व्हॅम्पायर, म्हणजे जे भरदिवसा उन्हात फिरतात, कॉलेजात जातात, माणसाऐवजी जनावरांचं नाहीतर बाटलीतलं रक्त पितात आणि वर प्रेमातही पडतात, त्यांना खरे व्हॅम्पायर म्हणायचं का, की नुसतं नाव उचललंय. मी बावीस वर्षं भयकथांचं संपादन करतोय, जोडीनं लोककथाही शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो आणि विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक यादी तयारच असते. उन्हात जळला पाहिजे, आरशात दिसता कामा नये, सुळे हवेत, लसणीला आणि क्रुसाला घाबरला पाहिजे, छातीत खुंटा ठोकल्याशिवाय मरता कामा नये. यादीतलं जेवढं जुळेल तेवढा तो खरा, असा हिशोब.

उत्तर आधीच सांगून टाकतो. हल्लीच्यातले बरेच खरे आहेत, काही अजिबात नाहीत, पण ते ठरवायला ही यादी कामाची नाही, कारण यादी लावायची म्हटली तर पहिला बाद होतो तो खुद्द ड्रॅक्युला.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. त्यात काउंट ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, पिकॅडिलीच्या रस्त्यावर जोनाथन हार्कर, म्हणजे आधी त्याच्या किल्ल्यात राहून आलेला तरुण वकील, त्याला बघतो आणि बघून गळाठतो, कारण किल्ल्यात म्हातारा असलेला हा माणूस आता तरुण दिसत असतो. ऊन त्याला जाळत नाही, फक्त दिवसा त्याच्या शक्ती चालत नाहीत, मनाला येईल तेव्हा रूप बदलता येत नाही, एवढंच. आणि शेवटी तो मरतो तो लाकडी खुंट्यानं नाही, एकाची कुकरी गळ्यावर आणि दुसऱ्याचा सुरा छातीत, आणि देहाची माती होते. म्हणजे ऊन नाही, खुंटा नाही, आणि तरी त्याला खोटा म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मग उन्हाचा नियम आला कुठून तर १९२२ च्या नोस्फेराटू या जर्मन मूकपटातून. मुर्नाऊ या दिग्दर्शकानं तो स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता केला, नावं बदलली, स्टोकरच्या पत्नीनं कोर्टात खेचलं, प्रिंट नष्ट करायचा आदेशही निघाला, तरी काही प्रिंट वाचल्या आणि त्यातलं सकाळच्या उजेडात काउंट ऑर्लोकचं, म्हणजे त्यातल्या व्हॅम्पायरचं, विरून जाणं लोकांच्या डोक्यात असं बसलं की आज तोच सगळ्यात जुना नियम वाटतो. शंभर वर्षांचा आहे फक्त. आरशाची गोष्ट रुजली ती स्टोकरमुळे, हार्कर दाढी करत असतो आणि मागे उभा असलेला काउंट आरशात दिसत नाही, तो प्रसंग. सुळ्यांचं म्हणाल तर १८४५ ते १८४७ दरम्यान हप्त्याहप्त्यानं छापल्या गेलेल्या, व्हार्नी नावाच्या व्हॅम्पायरच्या स्वस्त मालिकेत ते ठळक दिसायला लागतात.

आणि गंमत म्हणजे एक नियम असा आहे की जो तेव्हा जोरात होता आणि आज कुणाच्या यादीत सापडतच नाही, तो म्हणजे चांदणं. पोलिडोरी या लेखकाच्या १८१९ च्या कथेतला व्हॅम्पायर लॉर्ड रुथव्हेन मरतो आणि त्याच्याच सांगण्यावरून त्याचं प्रेत चंद्राच्या पहिल्या किरणात नेऊन ठेवतात, मग तो परत येतो, व्हार्नीसुद्धा चांदण्यात जिवंत होतो. त्या काळच्या वाचकानं आजच्या व्हॅम्पायरबद्दल तक्रार केली असती तर ती, याला चांदणं कसं काही करत नाही, अशीच केली असती. नियम येतात, जातात. त्यावर खरं-खोटं ठरत नसतं.

तरुणपणी मीही यादीवालाच होतो, अगदी कडक, आणि एखाद्या कथेत व्हॅम्पायर सकाळी बाहेर पडला की हस्तलिखितावर लाल पेन फिरायचं. हे बदललं ते एक जुना अहवाल नीट वाचल्यावर. तो इथं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं उत्तर त्यातच आहे.

१७१८ च्या तहात सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. गावं तीच, माणसं तीच, पण वर आता कागद लिहिणारे अधिकारी आले, आणि गावकरी वर्षानुवर्षं आपसात जे करत आले होते ते पहिल्यांदाच सरकारी कागदावर उतरायला लागलं. १७२५ साली किसिल्येवो नावाच्या गावातून फ्रॉम्बाल्ड नावाच्या अशाच एका अधिकाऱ्यानं वर अहवाल पाठवला आणि तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापूनही आला. पेटर ब्लागोयेविच नावाचा एक गावकरी, अहवालात त्याचं नाव प्लोगोयोविट्झ असं जर्मन वळणानं लिहिलंय, तो मेला, पुरला, आणि दहा आठवड्यांनंतर गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली, म्हातारी आणि तरणी दोन्ही, एकेका दिवसाच्या आजारानं. मरताना ती सांगत होती की पेटर झोपेत आला, अंगावर पडला आणि गळा दाबला. लक्षात घ्या, गळा दाबला. चावला असं नाही.

आणि मग ते वाक्य येतं ज्याच्यासाठी मी हा अहवाल दरवर्षी वर्गात वाचतो. पेटरच्या बायकोनं सांगितलं की नवरा तिच्याकडे आला होता आणि त्यानं त्याचे जोडे मागितले. अहवालातला शब्द ओपांकी, म्हणजे तिकडे शेतकरी घालायचे ते कातड्याचे जोडे. हे सांगून ती बाई गाव सोडून दुसऱ्या गावाला निघून गेली.

मला सगळ्या व्हॅम्पायर साहित्यात याहून भयानक ओळ माहिती नाही, खरंच सांगतो. किल्ला नाही, काळा झगा नाही, वटवाघूळ नाही, मेलेला नवरा रात्री घरी येतो आणि म्हणतो माझे जोडे दे. म्हणजे त्याला कुठंतरी जायचंय. त्याला अजून चालायचंय. आणि जोडे कुठे ठेवलेत हे त्याच्या बायकोलाच माहिती असणार ना, म्हणून तो तिच्याकडे आलाय.

पुढे गावकरी हटून बसले की कबर उकरायची. फ्रॉम्बाल्डनं वरून परवानगी आणू म्हणून थांबवायचा प्रयत्न केला, ते म्हणाले तोवर सगळं गाव संपेल, आम्ही गाव सोडून जातो. शेवटी तो पाद्र्याला घेऊन स्वतः गेला. त्यानं जे पाहिलं ते लिहिलं, प्रेताला वास नाही, नाक थोडं बसलंय पण बाकी देह ताजा, केस आणि दाढी वाढलेली, जुनी नखं गळून नवी आलेली, वरची कातडी सुटून खालून नवी दिसतेय, आणि तोंडात ताजं रक्त. गावकऱ्यांनी खुंट टोकदार केला, छातीत मारला, कानातोंडातून रक्त आलं, मग जाळून राख केली. आणि अहवालाच्या शेवटी तो बिचारा लिहितो की यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, भीतीनं भान हरपलेल्या लोकांचा आहे.

आज आपल्याला कळतं की तो खोटं लिहीत नव्हता, फक्त अर्थ चुकत होता. प्रेत कुजायला लागलं की पोटात वायू साचतो, देह फुगतो, आणि तो दाब आतला काळपट लाल द्रव तोंडानाकातून बाहेर ढकलतो, बघणाऱ्याला वाटणार ताजं रक्त पिऊन आलाय. वरची कातडी सुटते, खालची गुलाबी दिसते. नखं गळतात, खालचा भाग नव्या नखासारखा दिसतो. कातडी आकसते म्हणून दाढी वाढल्यासारखी दिसते. खुंटा मारला की आतला वायू घशातून बाहेर पडतो आणि प्रेत कण्हल्यासारखा आवाज होतो. थंडीच्या दिवसांत गार जमिनीत हे सगळं हळू होतं, त्यामुळे दोन महिन्यांनीही माणूस ओळखता येतो.

तसाच दुसरा अहवाल जानेवारी १७३२ चा, मेदवेजा गावचा, फ्ल्युकिंगर नावाच्या लष्करी वैद्यानं लिहिलेला. त्यात मिलिका नावाची साठीची बाई आहे. तिला ओळखणारे कबरीपाशी उभे राहून चकित होतात की ही आयुष्यभर काटकुळी होती आणि आता थडग्यात भरली कशी. हे दृश्य डोळ्यासमोर आणून बघा. आज आपण व्हॅम्पायर म्हटलं की फिक्का, सडपातळ, उंच गालांचा माणूस बघतो, आणि मूळचा व्हॅम्पायर नेमका उलटा, लालबुंद, फुगलेला, कफनातला खेड्यातला शेजारी. ज्या बाईला जिवंतपणी अंगावर मांस चढलं नाही ती मेल्यावर धष्टपुष्ट झाली, म्हणजे ते कुठून आलं, तर आपल्यातूनच कुणाचं तरी कमी होऊन आलं. गावाचा तर्क असा सरळ होता.

आणि तो आधी घरच्यांकडेच का येतो, याचं कारणही सरळ आहे. साथीचा रोग घरातून घरात जातो. पहिला मेला की त्याला सांभाळणारी बायको आजारी पडते, मग मुलं, मग शेजारी. ज्यांना जंतू माहिती नाहीत त्यांना एवढंच दिसतं की गेलेला माणूस एकेकाला बोलावून घेतोय. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एक्झेटरला १८९२ साली हेच झालं, ब्राउन कुटुंबात आई गेली, मोठी मुलगी गेली, मग १९ वर्षांची मर्सी गेली, सगळ्या क्षयानं, आणि मुलगा एडविन खंगत चालला तेव्हा लोकांनी वडिलांच्या मागे लागून तिघींची प्रेतं तपासली. मर्सी जानेवारीत गेलेली, तपासलं मार्चमध्ये, मधे कडाक्याची थंडी, त्यामुळे तिच्या काळजात रक्त दिसलं. काळीज जाळलं आणि राख भावाला पाजली. दोनेक महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं दहा वर्षं आधी, १८८२ लाच, शोधून दाखवला होता, पण त्या घरापर्यंत तो पोचला नव्हता. या प्रकाराबद्दलचं वर्तमानपत्राचं कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडलंय.

तर आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळं वाचल्यावर माझ्या हाताला जे लागलं ते असं की व्हॅम्पायर म्हणजे आपलाच कुणीतरी, जो मेलाय पण गेला नाही, आणि ज्याचं इथं टिकून राहणं कुणातरी जिवंत माणसाला महाग पडतं. मेलेला हवा, नुसता अमर प्राणी नको. आपल्याशी त्याचं काही नातं हवं, कारण त्याच नात्याच्या वाटेनं तो दारात येतो. आणि त्याच्या भुकेची किंमत दुसरा कुणीतरी भरत असला पाहिजे, ती किंमत गोष्टीत दिसली पाहिजे. रक्त हे त्या किमतीचं सगळ्यात ठसठशीत रूप, पण किसिल्येवोत तर तो गळाच दाबतोय, तेव्हा रक्तावरही मी फार अडून बसत नाही.

यावर कुणी म्हणेल की मग पोलिडोरीनंच घोळ केला, त्यानं गावच्या शेजाऱ्याला उचलून लॉर्ड केलं, प्रवासी केलं, अनोळखी केलं. हो, केलं, आणि तो बदल उन्हाच्या नियमापेक्षा कितीतरी मोठा होता, त्याबद्दल मात्र कुणी तक्रार करत नाही. पण नीट बघितलं तर त्यानंही नातं सोडलेलं नाही, रुथव्हेन आधी ऑब्रे या कथेच्या तरुण नायकाचा सोबती होतो, त्याच्याकडून शपथ घेतो आणि शेवटी त्याच्या बहिणीशी लग्न लावूनच तिच्यापर्यंत पोचतो. घरात शिरायची वाट फक्त बदलली. १८७१-७२ च्या कार्मिला या कथेतली त्याच नावाची व्हॅम्पायर तर सरळ पाहुणी म्हणून घरात राहते, आणि नंतर कळतं की जिचं ती रक्त पितेय त्या लॉराच्या आईचं कूळ आणि कार्मिलाचं कूळ एकच. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनी, एवढ्या उच्चभ्रू वेषातसुद्धा, पणजीच परत आलीय म्हणा ना. आणि आमंत्रणाशिवाय घरात येता येत नाही, हा जो नियम स्टोकरनं ड्रॅक्युलाचा माग काढणाऱ्या व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी घातलाय, घरच्याच कुणीतरी आधी ये म्हणावं लागतं, तो यादीतला एकच नियम मी मनापासून मानतो. कारण तो नातं मोजतो. ग्रीसच्या काही बेटांवर समजूत होती की व्रिकोलाकास, म्हणजे कबरीतून परत आलेला मुडदा, रात्री दारावर येऊन नाव घेऊन एकदाच हाक मारतो, म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. गोष्ट तीच, दार आतूनच उघडावं लागतं.

या मापानं हल्लीचे मोजू.

मॅथेसनची १९५४ ची आय ॲम लेजंड, ज्यात व्हॅम्पायर होणं म्हणजे जीवाणूचा संसर्ग, सगळं प्रयोगशाळेच्या भाषेत समजावलेलं. यादीवाले म्हणतात हे सायन्स फिक्शन, हे व्हॅम्पायर कुठले. अरे पण बघा ना काय होतंय, नायक नेव्हिल रात्री घर बंद करून बसलाय आणि बाहेर त्याचा शेजारी बेन कॉर्टमन, ज्याच्याबरोबर तो एके काळी एका गाडीतून कामाला जायचा, रोज रात्री ओरडतोय, बाहेर ये नेव्हिल. त्याची बायको मेली, सगळ्यांची प्रेतं जाळायचा हुकूम असताना यानं मन घट्ट न झाल्यामुळे तिला पुरली, आणि ती परत आली. हे किसिल्येवोच आहे. जोडे मागणारा नवरा आणि दारात आलेली बायको, मधे सव्वादोनशे वर्षं आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढाच फरक. माझ्या मते विसाव्या शतकात मूळ लोककथेच्या इतकं जवळ फार कमी जण गेलेत.

ॲन राइसची इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर १९७६ ची, आणि तिच्यापासून व्हॅम्पायर रडायला लागले, स्वतःबद्दल बोलायला लागले अशी तक्रार असते. त्यातला व्हॅम्पायर लुई उंदरांचं रक्त पिऊन दिवस काढतो, म्हणजे जनावरांच्या रक्ताचं खापरही नव्या लेखकांवर फोडता येत नाही. पण त्या पुस्तकाचं काळीज लुई नाही, क्लॉडिया आहे. पाचेक वर्षांची पोर, मरता मरता व्हॅम्पायर केलेली, मन बाईचं होतं आणि देह तेवढाच राहतो. लेखिकेची स्वतःची मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगानं गेली होती, सहा वर्षांची व्हायच्या आधीच. हे कळल्यावर ते पुस्तक परत वाचवत नाही लवकर. गेलेलं मूल परत आलंय, तसंच आहे, वाढत नाही, आणि त्याला भूक आहे. याला खोटं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, फक्त पुस्तक हातात देईन.

स्वीडिश लेट द राइट वन इन, कादंबरी २००४ ची आणि सिनेमा २००८ चा. त्यातला व्हॅम्पायर म्हणजे एली, बाराएक वर्षांचं पोर दिसतं. सोबत हकान नावाचा उतारवयातला माणूस, जो एलीसाठी माणसं मारून रक्त आणतो आणि त्या पायी स्वतःचा चेहरासुद्धा ॲसिडनं जाळून घेतो. किंमत कोण भरतंय ते समोर बसलंय. आणि तो दारातला प्रसंग, एलीचा मित्र झालेला शेजारचा मुलगा ऑस्कर हट्टानं आमंत्रण देत नाही, बघू काय होतं ते म्हणतो, एली तशीच आत येते, काही बोलत नाही, उभी राहते आणि हळूहळू अंगातून, कानातून, डोळ्यांतून रक्त यायला लागतं, मग तो घाबरून ओरडतो की ये, येऊ शकतेस. दीड-दोन मिनिटांत आमंत्रणाचा जुना नियम असा दाखवलाय की तो मोडला तर काय होतं, आणि तो मोडायची जोखीम एलीनं घेतली यातूनच त्या दोघांत काय आहे ते कळतं.

आता ट्वायलाइट, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मुळात तेच असणार. २००५ चं पहिलं पुस्तक. त्यातला व्हॅम्पायर नायक एडवर्ड उन्हात चमकतो म्हणून त्याला हसणारे खूप आहेत, मला त्या चमकण्याचं काहीच वाटत नाही, चांदण्यात जिवंत होणारा चालतो तर उन्हात चमकणारा का नाही. एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरायला टेकलेला सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजे साथ आहे, मरण आहे, सगळं मूळ धाग्यातलंच. आणि नायिका बेला पहिल्यांदा वर्गात त्याच्या शेजारी येऊन बसते तेव्हा तो टेबलाची कड धरून, तोंड फिरवून, सगळा तास कसाबसा काढतो, नंतर कळतं की तो त्या तासाला तिलाच नाही, अख्ख्या वर्गाला मारायच्या बेतात होता. ते प्रकरण शंभर टक्के खऱ्या व्हॅम्पायरचं आहे आणि मी ते वर्गात उदाहरण म्हणून वापरतो. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. २००८ च्या चौथ्या पुस्तकात बेला स्वतः व्हॅम्पायर होते आणि तिला भूक आवरायला जवळजवळ त्रासच होत नाही, नवरा मिळतो, मूल मिळतं, बापही सुटत नाही, सौंदर्य आणि ताकद वरून. कुणाचंच काही गेलं नाही. इथं व्हॅम्पायर होणं हे बक्षीस झालं, आणि माझ्यासाठी तिथं ते व्हॅम्पायर संपले, मागे राहिले ते देखणे आणि बलवान अमर लोक, ज्यांच्या गोष्टी वाचायला काही हरकत नाही पण तो प्रकार वेगळा. म्हणजे एकाच मालिकेत तोच एडवर्ड सुरुवातीला खरा आहे आणि शेवटी नाही, माझं मत असं आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यावर चिडतात.

कृत्रिम रक्ताच्या सिरीजबद्दल थोडक्यात, बाटली आली की भूक मिटली असं लेखकानं धरलं तर पात्र मेलं, बाटली आली तरी ओढ राहिली तर चालेल. विषाणूवाल्या झुंडींच्या सिनेमात ते कुणीच आपल्या ओळखीचे नसतात, नुसते अंगावर धावून येतात, ते मी व्हॅम्पायरमध्ये धरत नाही, दात कितीही लांब असू देत.

उलट्या बाजूनंही एक सांगायला हवं. बर्टन या इंग्रज लेखकानं १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा शीर्षकात वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं, आणि तेव्हापासून वेताळ म्हणजे भारतीय व्हॅम्पायर असं जिथंतिथं लिहिलेलं असतं. माझ्या मापात तो बसत नाही. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरून बसलेला असतो, तो स्वतः मेलेला आपला माणूस नाही, त्याला भूकही नाही, तो राजाला गोष्ट सांगतो, कोडं घालतो आणि परत झाडाला जाऊन लटकतो. जुना आहे, भयानक आहे, प्रेतातला आहे, पण व्हॅम्पायर नाही. नाव लावलं की झालं असं असतं तर तोही झाला असता.

शेवटी एक अनुभव, कारण हे सगळं लिहिणाऱ्यांसाठी उपयोगाचं आहे. एका तरुण लेखिकेनं माझ्याकडे चाळीस पानांची कथा आणली, नायक तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर, ऑफिसात रात्रपाळी करतो, रक्तपेढीतून मुदत संपलेल्या पिशव्या मिळवतो, फ्रिजमध्ये ठेवतो, आणि घाबरून तिनं त्याला यादीतला एकूण एक नियम लावलेला, ऊन, आरसा, लसूण, सगळं. वाचायला छान होती आणि त्यात भीती औषधालाही नव्हती. मी तिला एवढंच विचारलं की याच्यामुळे शेवटचं कुणाचं काय गेलं. तिला सांगता येईना. मग विचारलं, याच्या ओळखीचं आज जिवंत कोण आहे. त्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

तीन महिन्यांनी परत आली. नव्या कथेत वीज जाते, फ्रिज बंद पडतो, पिशव्या खराब होतात, आणि तिसऱ्या रात्री भुकेनं वेडापिसा झालेला तो शहरात एकाच दारात जाऊ शकतो, जे त्याला उघडलं जाईल अशी त्याला खात्री आहे, त्याच्याच वंशातल्या एका मुलीच्या दारात, जिला त्यानं लहानपणापासून लांबून वाढताना बघितलंय, जिच्या फीचे पैसे कुणालाही न कळता त्यानंच भरलेत. ती दार उघडते. भिंतीवर त्याचंच जुनं चित्र लावलेलं आहे. ती म्हणते तुमचा चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो, आत या ना. तीनशे वर्षांचा हिशोब त्या साध्या बोलण्यात होता आणि वाचताना माझ्या हाताला घाम आला.

मी म्हटलं आता हा खरा झाला. तिनं विचारलं, सर, मग त्याला दिवसा पाठवलं तर चालेल का, म्हणजे ती शाळेतून येते तेव्हा, उन्हाचं. म्हटलं, खुशाल पाठव.